गुडघाभर ज्वारी, भुकेली गाय आणि किरळ

पत्राचा सारांश : सोलापूर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरी तीन गायी, एक म्हैस आणि एक कालवड. घरखर्च बराचसा डेअरीच्या दुधावर चालतो. जूनअखेरीस अर्ध्या एकरात चाऱ्यासाठी ज्वारी पेरली, महिन्याने युरियाचं एक पोतं दिलं आणि नेमकी पावसाने उघडीप दिली. तीन आठवडे पीक गुडघ्याएवढंच राहिलं, पानांच्या सुरळ्या झाल्या. आता दोन चांगले पाऊस झालेत, पीक हिरवंगार दिसतंय, बुडातून फुटवेही निघालेत. घरात कडबा उरलाय तीन आठवड्यांपुरता. त्यातच शेजाऱ्यांची कालवड कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यांत शिरली आणि अर्ध्या तासात गेली. सासूबाई म्हणतात, ‘किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागली. आपली ज्वारी उपटून टाक.’ दीर म्हणतात, ‘पावसाने विष धुऊन जातं. कापून अर्धा दिवस उन्हात टाक आणि घाल, लागलंच तर गुळाचं पाणी पाज.’ ताई विचारतात, ऐकायचं कोणाचं? शिवाय धाकट्या मुलीला मोड आलेल्या ज्वारीचं सत्त्व देतो, तेही थांबवायचं का?

उत्तर

ताई, गव्हाण रिकामी होत चालली आहे म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं मागाहून. ही ज्वारी आज जनावरांना घालू नका, आणि उपटूनही टाकू नका. सासूबाईंनी रोग बरोबर ओळखला आहे, पण त्यांचा उपाय फार महागात पडेल. दिरांचे तिन्ही सल्ले मात्र एकेक करून तपासायला हवेत, कारण ते गावोगाव ऐकायला मिळतात आणि त्यातला एक तर उलटा धोका वाढवतो.

मुळात ज्वारीच्या पानात तयार विष नसतं. असतं ते धुरिन. डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी 1902 साली इजिप्तमधल्या कोवळ्या ज्वारीतून ते पहिल्यांदा वेगळं केलं. टायरोसिन या अमिनो आम्लापासून रोप हे संयुग बनवतं, त्याला ग्लुकोजचा एक रेणू जोडतं आणि पानाच्या वरच्या पातळ सालीतल्या पेशींत साठवून ठेवतं. ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आतल्या हिरव्या गराच्या पेशींत असतं. पान धड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. जनावराने घास चावला की पेशी फुटतात आणि विड्यातला कात-चुना चावल्यावर रंगावा तशी क्रिया सुरू होते. विकर आधी ग्लुकोज तोडून टाकतं. उरलेला तुकडा अस्थिर असतो, तो दुसऱ्या विकराच्या हातून लगेच दुभंगतो आणि हायड्रोसायनिक आम्ल बाहेर पडतं. 1 ग्रॅम धुरिनमधून ते जास्तीत जास्त 87 मिलिग्रॅम निघतं.

हे आम्ल साधारण 26 अंश सेल्सिअसला उकळतं. गाईच्या पोटात त्याहून जास्त ऊब असते, त्यामुळे ते तिथे झपाट्याने मोकळं होतं आणि रक्तात शिरतं. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरणारं जे शेवटचं विकर असतं, त्यातल्या लोहाला या आम्लातलं सायनाइड घट्ट धरून बसतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो घेता येत नाही. म्हणून किरळ लागलेल्या जनावराच्या हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली त्वचा सुरुवातीला लालभडक दिसते. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रवंथ करणाऱ्या जनावरांनाच हा त्रास जास्त का होतो, तेही यातूनच कळतं. घोड्या-डुकराच्या पोटातल्या तीव्र आम्लात ते विकर निकामी होतं. गाई-म्हशीचं मोठं पोट जवळपास उदासीन असतं, विकर तिथे मजेत काम करतं आणि पोटातले जिवाणूही धुरिन फोडायला हातभार लावतात.

आता हिशोब करू. गाई-म्हशी-शेळ्यांसाठी हायड्रोसायनिक आम्लाची घातक मात्रा वजनाच्या दर किलोला सुमारे 2 मिलिग्रॅम धरतात. तुमची गाय 350 किलोची धरली तर 700 मिलिग्रॅम झाले. ओल्या चाऱ्यात किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर आम्ल निघत असेल तर तो चारा धोक्याचा मानतात. अशा चाऱ्याचे साडेतीन किलो भुकेल्या गाईने भराभर ओढले की मात्रा पूर्ण झाली. ताणातल्या कोवळ्या फुटव्यांत 400 मिलिग्रॅम निघाले तर पावणेदोन किलो पुरतात, म्हणजे लहानशी पेंढीसुद्धा नाही. शेजाऱ्यांची कालवड वजनाने कमी होती आणि कदाचित उपाशीही असावी. तिला किती थोडं पुरलं असेल ते तुम्हीच मोजा.

या हिशोबात एक मेख आहे. गाईचं यकृत सायनाइडला गंधक जोडून थायोसायनेट बनवतं, ते फारसं विषारी नसतं आणि लघवीवाटे जातं. तेवढाच चारा दिवसभरात थोडा थोडा खाल्ला तर यकृत काम उरकतं. दहा मिनिटांत खाल्ला तर नाही. ‘आमच्या गाईने परवा हीच ज्वारी खाल्ली, काही झालं नाही’ असं कोणी सांगितलं, तर ते खरंही असेल. तिचं पोट भरलेलं असेल, तिने धाटं चघळली असतील, शेंडे दुसरीने खाल्ले असतील. एका गाईवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

दिरांचं पहिलं म्हणणं होतं की पाऊस विष धुतो. धुरिन पानाच्या आत, पेशीच्या पोटात आहे, वरून पाणी पडून ते जात नाही. पाऊस चांगला झाला, पीक मनासारखं वाढलं, तर पुढच्या काही आठवड्यांत त्याचं प्रमाण कमी होतं हे खरं, पण ते वाढीमुळे. उघडिपीनंतरचा पहिला पंधरवडा सगळ्यांत वाईट असतो. तेव्हा नवी पालवी आणि फुटवे येतात आणि धुरिन सर्वांत जास्त असतं ते कोवळ्या शेंड्यात. तुमच्या बाबतीत युरियाचीही भर आहे. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र, म्हणजे अर्ध्या एकराला सुमारे 21 किलो नत्र एकाच हप्त्यात गेलं. पाण्याविना ते जमिनीत पडून राहिलं आणि आता रोप ते एकदम ओढतंय. डोळ्याला सुखावणारा तो हिरवागार रंग काही अंशी त्याचाच आहे. धुरिनच्या रेणूत नत्र असतं, त्यामुळे नत्राची चंगळ झाली की रोप ते जास्त बनवतं. पुढच्या वर्षी हप्ते दोन करा, आणि उघडीप दिसत असेल तर दुसरा हातातच ठेवा.

अर्धा दिवस उन्हात टाकण्याचा सल्ला मात्र खरोखर धोक्याचा आहे. त्यामागचा विचार चुकीचा नाही : चारा वाळताना पेशी फुटतात, आम्ल तयार होतं आणि उडून जातं. म्हणूनच पक्क्या पिकाचा नीट वाळलेला कडबा वर्षभर निर्धास्त घालता येतो. पण हे व्हायला चारा हातात कडकड मोडेल इतका वाळावा लागतो. दुपारपर्यंत कोमेजलेल्या पानात पेशी फुटायला लागलेल्या असतात, आम्ल मोकळं होत असतं, ते उडालेलं मात्र नसतं. शिवाय पाणी कमी झाल्याने प्रत्येक किलोत पानाचा सुका भाग जास्त जातो. सुकलेला चारा मऊ पडतो, जनावर तो ताज्यापेक्षा आवडीने खातं. कुट्टीचंही तसंच. कुट्टी मशीनमधून काढलेली हिरवी कोवळी ज्वारी लगेच गव्हाणीत टाकली, तर चावण्याचं अर्धं काम यंत्राने आधीच केलेलं असतं आणि गाय ती दुप्पट वेगाने संपवते. कुट्टी वाईट नाही, कोवळ्या ज्वारीची ताजी कुट्टी वाईट.

गुळाच्या पाण्याबद्दल सांगायचं तर साखर सायनाइडला थोडीफार बांधते, म्हणून ही समजूत अगदीच निराधार नाही. पण पोटात शेकड्यांनी मिलिग्रॅम मोकळे होत असताना तेवढ्याने भागत नाही. मोठा धोका वेगळाच आहे. थरथरणाऱ्या, तोंडाला फेस आलेल्या जनावराला नळीने किंवा बाटलीने काही पाजलं की ते फुप्फुसात जातं. विषातून वाचलेली गाय मग न्यूमोनियाने जाते.

तर मग अर्ध्या एकराचं करायचं काय? उपटणं हा शेवटचा पर्याय, तो सध्या विचारातही घेऊ नका. आता कापून वाळवणं कागदावर चांगलं दिसतं, पण श्रावणातल्या ढगाळ हवेत पातळ थर पसरून, रोज उलटून, सलग तीन-चार दिवस कडक ऊन मिळेल याचा भरवसा नाही. अर्धवट वाळलेली वैरण बुरशी धरते, म्हणजे एकाऐवजी दोन विषं. शिवाय गुडघाभर पीक कापून हाती येणार किती?

आमचा कौल थांबण्याला आहे. पीक निसवू द्या, साधारण निम्म्या धाटांना फुलोरा येऊ द्या. चाऱ्याची ज्वारी नेहमी 60 ते 70 दिवसांत या टप्प्याला येते. तुमची ताणामुळे मागे पडली आहे, म्हणून दिवस मोजू नका, कणीस बघा. उंचीचा नियमही लोक सांगतात, कमरेएवढी झाली की चालते वगैरे. चांगल्या पावसाच्या वर्षी तो ठीक आहे. ताण बसलेल्या पिकात उंच धाटाच्या बुडाशी वीतभर फुटवे असतात आणि गाय आधी तेच वेचून खाते. फुलोऱ्यापर्यंत धाटाचा वाटा वाढतो, पानाचा घटतो आणि प्रत्येक किलोतलं धुरिन खूप खाली येतं.

तोवर तीन आठवड्यांचा कडबा चार-पाच आठवडे ताणायचा आहे. हिरव्यासाठी मका, बाजरी, हत्तीगवत, लसूणघास यातलं जे मिळेल ते घ्या. बाजरीत आणि हत्तीगवतात धुरिन नसतं, मक्यात काळजी करण्याइतकं सायनाइड निघत नाही. तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आसपास स्वस्तात मिळालं तर कडब्यात मिसळा. दूध थोडं घटेल. दुभत्या जनावरांना पेंड आणि चांगला चारा आधी, भाकड जनावराला आणि कालवडीला भुसकट, अशी वाटणी केली तर ही घट सोसण्याजोगी राहते. खनिज मिश्रण बंद असेल तर चालू करा. त्यातलं गंधक यकृताला सायनाइड निकामी करायला लागतं. पण त्याच्या भरवशावर कोवळी ज्वारी घालू नका, तेवढी ताकद त्यात नाही.

फुलोरा आल्यावरही पहिल्या दिवशी भारा टाकू नका. सकाळी आधी कडबा, त्यानंतर तासाभराने चार-पाच किलो हिरवी ज्वारी, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. आठवडाभरात वाढवत न्या. बुडातले फुटवे कापतानाच वेगळे काढा. कडब्यात मिसळून द्यायची तर दोन्हींची एकत्र कुट्टी करा, नाहीतर जनावर हिरवं तेवढं वेचतं आणि मिसळण्याला अर्थ राहत नाही.

शंका राहिलीच तर चारा तपासून घेता येतो. पिक्रेट कागदाची चाचणी जुनी आणि सोपी आहे. चिरलेली पानं परीक्षानळीत घालायची, वर क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब, पिक्रिक आम्ल आणि सोड्यात भिजवलेली पिवळी पट्टी आत लोंबती ठेवून बूच लावायचं. काही मिनिटांतच पट्टी विटकरी झाली तर चारा घालू नये, बराच वेळ पिवळीच राहिली तर बरं. ही घरी करू नका. कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. नमुना नेताना शेंडे आणि फुटवे न्या, सकाळी कापून, प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून, दोन तासांच्या आत. पिशवी उघडी राहिली किंवा चारा दुपारभर गाडीत पडला तर हायड्रोसायनिक आम्ल उडून जातं आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

मुरघास हा तुमच्यासाठी दुसरा चांगला मार्ग आहे. दाणे दुधाळ ते चिकात असताना कापून, कुट्टी करून पिशवीत दाबून भरला आणि 45 ते 60 दिवस बंद ठेवला तर हायड्रोसायनिक आम्ल बऱ्यापैकी कमी होतं. पिशवी उघडल्यावर वरचा थर पसरून काही तास हवेशीर ठेवा, मगच घाला. उघडताना तोंड आत खुपसून वास घेण्याची सवय अनेकांना असते, ती सोडा.

पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण याच पिकात दुसराही धोका दडला आहे : नायट्रेट. युरिया आणि ताण दोन्ही मिळाले की तेही साठतं, मात्र पानात नव्हे, धाटाच्या बुडाच्या भागात. म्हणून कापणी जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटर वरून करा. चारा वाळवून नायट्रेट जात नाही, मुरघासात काही प्रमाणात कमी होतं. नायट्रेटची बाधा झालेल्या जनावराचं रक्त चॉकलेटी होतं, किरळीचं लालभडक असतं. हा फरक जीवन-मरणाचा आहे, कारण किरळीवर देतात ते सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या बाधेत दिलं तर जनावर हमखास दगावतं. डॉक्टरांना फोन करताना ‘ज्वारी खाल्ली’ एवढ्यावर थांबू नका. युरिया कधी दिला, पीक कोणत्या अवस्थेत आहे आणि हिरड्या कोणत्या रंगाच्या दिसतात, एवढं सांगा.

लक्षणं 10-15 मिनिटांत दिसू लागतात, कधी तासा-दोन तासांनी. श्वास भराभर चालतो, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, पाय लटपटतात, बुबुळं विस्फारतात, पोट फुगतं आणि जनावर खाली बसतं. अशा वेळी त्याला चाऱ्यापासून दूर करा, तोंडातला घास काढा, उठवण्या-चालवण्याचा आग्रह धरू नका. आडवं पडलं तर छातीवर बसतं करा, पोत्यांचा आधार द्या. 1962 वर पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी फोन लावा आणि त्याच वेळी जवळच्या डॉक्टरांनाही. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. पहिलं रक्तात असा पदार्थ तयार करतं जो सायनाइडला पेशींकडून ओढून घेतो, दुसरं त्याला गंधक पुरवून थायोसायनेट बनवतं. पोटात उरलेल्या चाऱ्यासाठी 30 ग्रॅम थायोसल्फेट पाण्यातून नळीने पोटात सोडतात, तेही डॉक्टरांनीच. वेळेवर मिळालं तर मरायला टेकलेली गाय तासाभरात उभी राहते. अडचण एवढीच की ही औषधं प्रत्येक बॅगेत नसतात. म्हणून आजच तुमच्या डॉक्टरांना विचारा, थायोसल्फेट तुमच्याकडे आहे का? नसेल तर त्यांच्या चिठ्ठीवर आणून गोठ्यातल्या कोरड्या डब्यात ठेवा. फोटो स्टुडिओतला ‘हायपो’ म्हणजे हाच पदार्थ, पण तो शिरेतून द्यायच्या दर्जाचा नसतो.

शेजाऱ्यांसारखी वेळ पुन्हा कुणावर आली आणि विम्याचा दावा करायचा असेल, तर शवविच्छेदन लवकर व्हावं लागतं. पोटातल्या चाऱ्याचा नमुना हवाबंद बरणीत भरून लगेच गोठवावा लागतो, उशीर झाला तर प्रयोगशाळेत सायनाइड सापडत नाही. कापणी झालेल्या रानातला खोडवा हा बांधावरच्या प्रत्येक जनावराला धोका असतो. फुटवे वीतभर होण्याआधी एक पाळी घालून मोडा, किंवा कुंपण करा.

राहिला मुलीच्या सत्त्वाचा प्रश्न. ज्वारीच्या दाण्यात धुरिन जवळपास नसतंच, भाकरी आणि हुरडा बिनघोर खा. मोड आल्यावर मात्र ते कोंबात तयार होऊ लागतं आणि कोंब लांबेल तसं वाढतं. तेव्हा सत्त्व थांबवू नका, करण्याची पद्धत बदला. मोड नुसते डोकावले की, फार तर अर्धा सेंटीमीटर, दाणे कडक उन्हात वाळवा. खडखडीत वाळल्यावर हाताने किंवा जाड फडक्यात चोळून मोड आणि मुळं झाडून टाका, सुपात पाखडा, मगच भाजून दळा. नुसत्या भाजण्यावर विसंबू नका, त्याने विकर मरतं पण धुरिन बरंचसं तसंच राहतं. झाडलेले मोड कोंबड्यांना किंवा गाईच्या आंबोणात घालू नका. दोन-तीन दिवस वाढवलेले हिरवे-पांढरे लांब कोंब कोशिंबिरीत घालायची नवी हौस आली आहे, ती मटकी-मुगावर भागवा. एवढा खटाटोप नको असेल तर मुलीला नाचणीचं सत्त्व द्या.